पोफळीला पोट चालत नाही

मार्गशीर्ष लागला की आमच्या खळ्यात सुपारी वाळत पडते. ओल्या सालीचा आंबूस वास घरभर फिरतो, कपड्यांना लागतो, पाण्यालाही लागतो. वाडीतून कोयत्याचा आवाज येतो, मग घड खाली सरकतो, आणि मग वरून कोणीतरी हाळी देतो. मी ओट्यावर बसून नुसतं ऐकतो. चढणारा कोण आहे ते मला बघावं लागत नाही. झाड कसं करकरतं त्यावरून कळतं मला, वर आहे तो गडी भरलेला आहे की सडपातळ.

यंदा त्याच आवाजात घरातून सुनेचा आवाज मिसळला. तिला डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलंय. कुठलं धान्य खायचं, कुठलं नाही, पांढरं टाळा, कोंड्यासकट खा, साखर बंद करा, असं काय काय कागदावर लिहून दिलंय. ती ते मोठ्यानं वाचत होती आणि मुलगा माझा गंभीरपणे मान हलवत होता. मला हसू आलं. सून म्हणाली, "मामंजी, हसू नका, हे नवीन शास्त्र आहे." तिसरीतून शाळा सुटलेला माणूस मी, शास्त्राशी कशाला भांडू? पण हे शास्त्र आमच्या घरात एका पावसाळ्यात येऊन गेलंय, आणि ते आणणारी बाई आत खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. तिलाही हसू आलेलं मला दिसलं.

तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, आणि माझी विशी नुकतीच उलटली होती.

आमचं घर चढणाऱ्यांचं. वाडी मालकाची, झाडं मालकाची, पण झाडाच्या शेंड्यावरचा हक्क आमचा. माझा आजा चढला, माझा बा चढला. माडावर कोणीही चढेल, माड जाडजूड आणि मायाळू असतो. पोफळीचं तसं नाही. मनगटाएवढ्या रुंदीची वाटावी अशी ती सरळ आभाळात गेलेली असते आणि वाऱ्याला लवते. पायात काथ्याचा फास अडकवून एका पोफळीवर चढायचं, घड कापायचा, दोरीवरून खाली सोडायचा, आणि मग खाली उतरायचं नाही. शेंड्याला धरून अंग हलवायचं. पोफळ झोका घेऊ लागते. झोका वाढवत न्यायचा, शेजारची पोफळ हाताच्या टप्प्यात आली की तिला आकडीनं ओढायचं आणि अंग तिच्यावर टाकायचं. अशी सकाळ वाडीच्या एका कुंपणावर सुरू झाली की दुपार दुसऱ्या कुंपणावर होते. मधल्या वेळात पाय जमिनीला लागत नाही. बा म्हणायचा, "झाड आपल्याला नेतं. आपण जड नसलो म्हंजे झालं."

ज्यानं हे केलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. समुद्र वरून दिसतो. दिघीकडे जाणारी शिडं दिसतात. खाली बायका सुपारी गोळा करताना बोलतात ते सगळं वर ऐकू येतं, आणि त्यांना वाटतं वर कोणी नाही. मी ह्या गावातली निम्मी लग्नं जुळण्याआधी वर ऐकलेली आहेत.

तर मी मुंबईला गेलो होतो. गिरगावात मामाची खानावळ होती, तिथे वाढप्या म्हणून. मामा मोठा हिशेबी माणूस. तो म्हणायचा, वाढणाऱ्यानं आधी पोटभर जेवावं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ताटावर डोळा जात नाही. मी त्याचं ऐकलं. सकाळी चहात बुडवून पाव, दुपारी रंगूनच्या पांढऱ्या तांदळाचा भात, वर साखरेचं काहीतरी, संध्याकाळी पुन्हा पाव. तो रंगूनचा भात! मोगऱ्याच्या कळ्या ताटात ओतल्यासारखा दिसायचा. दाताला काही कामच नसायचं, आपला आपण खाली उतरायचा. आणि घटकाभरात पोट परत हाक मारायचं. मामाच्या घरी हाकेला ओ द्यायला काय कमी?

मग बाचा निरोप आला. गुडघे गेले, आता चढवत नाही, ये. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं मी दिघीला उतरलो. बरोबर मामानं दिलेलं रंगून तांदळाचं पोतं. गाडीवानानं ते पोतं गाडीत चढवलं, मग मला चढवलं आणि म्हणाला, बैल म्हातारा आहे, चढावर उतराल ना? मला तेव्हा राग आला. चढावर मी उतरलो आणि मला धाप लागली, हे मी घरी सांगितलं नाही.

आई मला बघून हरखली. त्या काळात अंगावर मांस म्हणजे घरात लक्ष्मी. आमच्या आळीत सगळे वाळलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. त्यात मी गाल भरून आलेला. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, दृष्ट काढली. माझ्या कमरेचा करगोटा मांसात रुतला होता, त्याची गाठ दिसेनाशी झाली होती. तिनं तो कौतुकानं कापला आणि नवा बांधला, चांगला सैल. "शेटावानी दिसतंय माझं पोर," म्हणाली. शेजारणींना बोलावून दाखवलं. पोतं ओट्यावर ठेवलं, आत नेलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

बा ओट्यावर गुडघ्याला रुईची पानं बांधून बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. कमरेकडे बघितलं. मग वाडीकडे बघितलं. आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

त्या दिवशी घरात पहिल्यांदा रंगूनचा भात शिजला. आई वाढत होती. माझं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते, पण मी मुंबईत, त्यामुळे ही मला अजून नवीनच होती. जानकी नाव. डोंगराकडची पोर, वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवणाऱ्यांतली, जिथे भात सणाला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती चुलीजवळ बसून जेवली. मी पाणी प्यायला आत गेलो तर तिच्या पानात नुसता भात होता. आमटी नाही, सुकट नाही, काही नाही. चिमटीत थोडा थोडा घेऊन खात होती, खूप हळू. मला वाटलं, डोंगरातल्या बाईला हा भात रुचत नसणार.

दुसऱ्या दिवशी बा बोलला. आमच्याकडे रीत अशी की दसऱ्याला कोयता, फास आणि आकडी यांची पूजा होते, आणि पूजा झाली की त्या सालचा चढणारा विहिरीवरच्या जोडीवर चढून देवापुरता एक घड उतरवतो. विहिरीच्या दोन अंगांना दोन पोफळी होत्या. आज्यानं त्यांना नावं ठेवली होती, सासू आणि सून. सासू उंच, म्हातारी, बारीक. सून तिच्याकडे पाठ करून बाहेर झुकलेली. सासूवरून सुनेवर जो जाईल तो वाडीभर जाईल. कारण वाडीत तेवढं अंतर दुसऱ्या कुठल्या दोन झाडांत नव्हतं.

बा म्हणाला, "दसऱ्याला तू सासूवर चढ. ती कुरकुरली नाय तर कोयता तुजा. कुरकुरली तर गोप्याचा."

गोप्या म्हणजे माझा चुलतभाऊ. शिडीच्या दांड्यासारखा माणूस, वारा आला तर दोन्ही बाजूंनी जायचा. तो तिथेच बसला होता. म्हणाला, "काका, दादालाच चढू द्या की. दादा वर गेला की पोफळच खाली येईल, मग चढायचं कामच नाय, बसून घड कापू."

बासुद्धा हसला. मी हसलो नाही. चढणाऱ्या बाचा मुलगा म्हणजे मी. मी खाली म्हाताऱ्यांबरोबर सुपारी सोलत बसायचं आणि वर गोप्या, हे मला सहन झालं नसतं. ज्याचा पाय वर, त्याचा शब्द घरात. आमच्या घराचं हे असं होतं.

तर वजन उतरवायचं. कसं उतरवायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, कमी खायचं. आणि चातुर्मास समोरच होता. मी ठरवलं, उपास धरायचे. एकादशी धरली, चतुर्थी धरली, श्रावण लागला तसा सोमवार धरला, शनिवार धरला, आणि गुरुवारही कोणत्या तरी देवाचा असेल म्हणून तोही धरला. गावात माझी कीर्ती झाली. देवळात म्हातारे मला पुढे बसायला जागा देऊ लागले. मुंबईला जाऊन पोर बिघडतात, हा सुधारून आला म्हणाले. कोणी मला बुवा म्हणू लागलं. मलाही आपण खोटं वागतो असं वाटेना. देवाला काय, उपास तो उपास.

आणि आई! एकुलत्या एका मुलानं उपास धरला म्हटल्यावर ती कमी पडेल का? सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं. दुपारी उकडलेली रताळी गुळाबरोबर. मध्ये भाजलेले शेंगदाणे, वाडीतली केळी. बटाट्याचा कीस. संध्याकाळी साबुदाण्याची खीर, ती वाटीभर नाही, तांब्याभर. देवाचं म्हणून तूप सढळ. उपास सोडताना रंगूनचा भात, कारण उपाशी पोराला चांगलं नको का? बाहेर धो धो पाऊस, लावणीला सगळी आळी चिखलात, आणि आई मला चिखलात उतरू देत नव्हती. मुंबईच्या माणसाला ताप येईल म्हणे. मी आपला पडवीत बसून देवाचं नाव घेत आणि रताळी सोलत.

गोकुळअष्टमीच्या सुमाराला आईनं बांधलेला सैल करगोटा पुन्हा रुतू लागला.

मला त्याचा अर्थच लागेना. आठवड्यातले दिवस बहुतेक सगळे उपासाचे, आणि पोट पुढे. गोप्या जाता जाता म्हणाला, "बुवा, देव तुम्हाला पावला, पण नुसता कमरेला." मी त्याच्या अंगावर खडाव फेकली. ती चिखलात पडली आणि वाकून उचलताना मला कळलं, आता वाकताही येत नाही.

त्या दुपारी मी पडवीच्या आडोशाला बसलो होतो. ही उखळाशी होती, घरच्या भाताचा लाल तांदूळ कांडत. गावात तेव्हा बोर्लीच्या भाताच्या गिरणीचं नवं कौतुक होतं. कांडायचा त्रास नको म्हणून लोक भात तिकडे नेऊ लागले होते. ही नेत नव्हती. मुसळ उचलता उचलता, माझ्याकडे न बघता ती बोलली.

"तुमी भात सोडू नका. भात बदला."

मी म्हटलं, म्हंजे काय?

"साबूदाना म्हंजे पांढरा भातच हाय, नुसता गोल केलेला. रताळं, बटाटं, सगळी त्याचीच भावंडं. तुमी उपास करताव, पोटाला म्हायतीबी न्हाय." मग मुसळ ठेवून पदराला हात पुसले. "आमच्या डोंगराव मानसं नाचनी खात्यात आन् दिसभर चढत्यात. एकबी वाटोळा दिसला का तुमास्नी?"

मी आठवून बघितलं. सासऱ्यांचं गाव आठवलं, मेव्हणे आठवले. एकही नव्हता वाटोळा. उलट लग्नात त्यांनी मला पालखीसारखं उचलून डोंगर चढवला होता आणि त्यांच्या कपाळाला घाम नव्हता.

मी हट्टी माणूस. बायकोचं ऐकलं असं मी त्या दिवशी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मी म्हटलं, बघतो.

बघायला काय, दुसऱ्या दिवशी तिनं पोतं बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं. निम्म्याच्या वर रंगून तांदूळ शिल्लक होता. घरात पांढरं असलं तर तुमचा हात जाणार, म्हणाली. बोर्लीत देऊन या आणि नाचणी, वरी घेऊन या. आईला ते कळलं आणि घरात आभाळ फाटलं.

"माज्या पोराला डोंगरातलं खानं घालतेस?" आई म्हणाली. "लोक म्हनतील मुंबईचा पैका संपला ह्यांचा."

जानकी खाली मान घालून उभी होती, पण हलली नाही. "आये, लोक खाली बसून बघतील. चढायचं ह्यांना हाय."

बा कोपऱ्यातून म्हणाला, "जाऊ दे पोतं." तेवढंच. त्यानं भांडण संपलं.

इरलं पांघरून, पोतं डोक्यावर घेऊन मी बोर्लीला चाललो. वाटेत थांबत, टेकत. बाजारात इब्राहीमचाचाचं दुकान होतं. धान्य, गूळ, सुकी मासळी, सगळ्यांचा वास एकत्र. चाचा जुना माणूस, जहाजावर फिरून आलेला, बाचा दोस्त. त्यानं पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर घेऊन उजेडाकडे धरले आणि माझ्याकडे बघितलं.

"अरे, सफेद देतोस आणि काळं नेतोस? मुंबईत अक्कल ठेवून आलास काय?"

मी म्हटलं, बायकोनं सांगितलंय. म्हटलं आणि जीभ चावली, कारण दुकानात चारजण होते. चाचा मोठ्यानं हसला. म्हणाला, मग ने बाबा, बायकोनं सांगितलंय तर मी कोण? माझी बीबी तिला दुवा देईल, घरात कधीपासून सफेद भात मागतेय. आणि त्यानं नाचणी, वरी आणि वर कुळीथ असं भरून दिलं. परतताना ओझं तेवढंच होतं, पण मी एकदाच टेकलो.

आता नाचणीची भाकरी. ज्याला सवय नाही त्याला ती पहिल्यांदा कशी लागते ते सांगतो. घशाशी येऊन ती थांबते आणि विचारते, जाऊ का? रंगूनचा भात कधी विचारायचा नाही, तो चोरासारखा घुसायचा. ही विचारते. तिला चावावं लागतं, मुरवावं लागतं. पहिले काही दिवस मला वाटायचं मी माती खातोय, तीही नांगरलेली. पण सकाळी एक भाकरी, सुकटीची चटणी, वर ताक, एवढं घेऊन मी वाडीत गेलो की उन्हं डोक्यावर येईपर्यंत पोट गप्प. पोट इतकं गप्प राहू शकतं हे मी विसरूनच गेलो होतो.

भात तिनं बंद केला नाही. दुपारी घरचा लाल तांदूळ असायचा, कोंड्याचा तांबूस रंग अंगावर ठेवलेला, पेजेसकट. पण मूद लहान, आणि तिच्या शेजारी भाजीचा डोंगर. टाकळा, कुर्डू, अळू, पावसानं बांधावर जे जे उगवलं ते सगळं माझ्या पानात. रात्रीला कुळथाची पिठी. उपास मी सोडले नाहीत, गावात बुवा झालो होतो ना, पण उपासाला आता वरीचे तांदूळ आणि ताक. आई बाजूला बसून पानाकडे बघायची आणि सुस्कारे टाकायची. मधूनच एखादं केळं माझ्या हातात कोंबायची. मी ते बाच्या हातात द्यायचो.

आणि कांडणं. तिकडे लावणीच्या चिखलात मला कोणी घेईना, काम सरत आलेलं. मग एका पावसाच्या दुपारी हिनं दुसरं मुसळ माझ्यासमोर धरलं. पुरुषानं कांडायचं म्हणजे गावानं वर्षभर बोलावं असं. पण पाऊस असा होता की शेजारचं घरही दिसत नव्हतं. मी पडवीचं दार लावून घेतलं. एकाच उखळात दोन मुसळं, तिचं खाली की माझं वर, माझं खाली की तिचं वर. चुकलं की मुसळावर मुसळ आपटायचं आणि ती हसायची. तोपर्यंत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. कांडून झाल्यावर उखळातून गरम कोंड्याचा वास यायचा, भाजलेल्या दुधासारखा. तो वास कुठे आला तर आजही मला त्या दुपारी ती माझ्यासमोर दिसते, कपाळावर कोंड्याची धूळ, आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.

एकदा गोप्यानं फटीतून बघितलं. संध्याकाळी पारावर म्हणाला, आमच्या दादानं गिरणी काढली, बैलाची, पण बैल कुठला ते विचारू नका. मी त्याला मारलं नाही. धावून त्याला पकडलं, आणि पकडू शकलो याचाच इतका आनंद झाला की सोडून दिलं.

गणपतीत मी मोदक खाल्ले. देवाच्या घरी हट्ट चालत नाही. हिनं दुसऱ्या दिवशी कांडायला जरा जास्त भात काढला.

नवरात्रात आईनं अंघोळीला पाणी काढताना माझ्या कमरेकडे बघितलं आणि तिला रडू आलं. करगोटा खाली घसरत होता. "काय ग केलंस माज्या पोराचं," ती जानकीला म्हणाली. पण तिनंच मग गाठ सोडली आणि आत घेऊन बांधली. बांधताना तिचा हात थोडा थांबला. म्हणाली, "लग्नात हितंच व्हती गाठ."

दसऱ्याची सकाळ लख्ख होती. पाऊस जाऊन वाडी धुतल्यासारखी झालेली. कोयत्याला झेंडूचं फूल, फासाला हळद, आकडीला कुंकू. बा काठी टेकत विहिरीवर आला. गोप्या आला, आई आली, मालकाकडचे दोघेजण आले. जानकी विहिरीवर पाणी काढत होती. घरातल्या सुनेनं अशा वेळी पुढे यायचं नसतं, पण पाणी काढायला कोण नाही म्हणणार? पाठ आमच्याकडे करून ती कळशी सोडत होती, ओढत होती.

मी सासूला हात लावला. खोडावर शेवाळ होतं, गार, ओलं. बानं शेजारी उभं राहून आपला तळहात खोडावर ठेवला. त्याची ही पद्धत मला माहीत होती. वरच्या माणसाचं वजन तो तळहातानं घ्यायचा, खोडातून.

फास पायात अडकवला. पहिले काही हात जड गेले, मग अंगाला आठवलं. आजही माझ्या तळपायाला खोडावरची ती वळी आठवते, प्रत्येक वळीला थोडा आधार. वर शेंड्याला पोचलो तेव्हा समुद्र दिसला, आणि माझं पोट मला आठवलं नाही. दोरीवरून घड खाली सोडला. मग झोका. पहिल्या झोक्याला पोफळ नुसती थरथरली. मग लवली. मग आणखी. सून बाहेर झुकलेली, लांब, तिचा शेंडा येई आणि जाई, येई आणि जाई. आकडी लागली, सुटली. खाली एकदम शांत झालं. कळशीचा दोरही थांबला होता. अर्ध्यावर लोंबत असणार कळशी.

मग आकडी अडकली, आणि मी अंग टाकलं. सून माझ्याखाली लवली, बसली, आणि परत उभी राहिली.

विहिरीवर दोराचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उतरलो तेव्हा बाचा तळहात अजून सासूच्या खोडावरच होता. त्यानं तो काढला, धोतराला पुसला. "कुरकुरली नाय," म्हणाला. कोयता माझ्या हातात दिला आणि गोप्याला म्हणाला, तू याच्या मागून चढ, दोघं लागतील. गोप्या म्हणाला, चढतो की, दादाच्या वाट्याची रताळी कोणी दिली तर.

त्यानंतर मी केस पांढरे होईपर्यंत चढलो. केस पांढरे झाल्यावरही चढलो, मुलगा ओरडेपर्यंत. आणि तोवर माझ्या पानात एकच भाकरी पडली, नाचणीची, आणि एकच तांदूळ, लाल. लढाई आली, रेशन आलं, पुढे मुलं कमावती झाली, पांढरा तांदूळ घरात पोत्यानं येऊ लागला. सगळे खायचे. मी नाही खायचो, आणि जानकीही नाही. कोणी वाढायला आलं की ती म्हणायची, ह्यांच्यासाठी भाकरी केलीच आहे, मी तीच घेते. मला वाटायचं, डोंगराकडची आहे, तिला तेच गोड लागतं.

परवा सुनेचा कागद वाचून झाला. सून आत गेली, मुलगा बाहेर गेला. मी हिच्या खाटेजवळ बसलो. ती आता इतकी हलकी झाली आहे की कूस बदलली तरी खाट बोलत नाही. डॉक्टरनं तिला सांगितलंय, मिळेल ते खा, गोड लागेल ते खा, आणि ती दोन घासांवर मान फिरवते. मी विचारलं, काय खाशील?

तिनं माझ्याकडे कूस बदलली. मग म्हणाली, "पांढरा भात करशीला? नुसता."

मी म्हटलं, तुला आवडतो?

"तवापासनं."

कधीपासून, ते मला विचारावं लागलं नाही. चुलीजवळचं ते पान मला दिसलं, चिमटीतला भात दिसला. मला जरा रागच आला. एवढी वर्षं! म्हटलं, मग तवा पोतं का धाडलंस? मागून तरी बोलायचं.

ती माझ्याकडे बघत राहिली, जशी त्या दिवशी उखळाशी बघत नव्हती. म्हणाली, "बोलनार कशी? तुमी झाडाव व्हता."

मी उठलो. सुनेला चुलीजवळून बाजूला केलं. ती म्हणाली, मामंजी, मी करते. मी नाही म्हटलं. आयुष्यात कधी तांदूळ धुतला नव्हता, पण खानावळीत बघितला होता शिजताना. पाणी जास्त झालं. भात गिच्च झाला, मोगऱ्याच्या कळ्या कसल्या, चिखल. तरी वाटीत घेतला, नुसता, आमटी नाही, काही नाही, आणि तिच्या उशाशी बसलो.

ती हळूहळू खात होती. बाहेर वाडीत कोणीतरी वर होतं, शेंडा करकरत होता.

"पानी जास्त झालं," ती म्हणाली. आणि वाटी पुढे केली, अजून घाला म्हणून.

मी माझी नाचणीची भाकरीच खाल्ली. मला आता कुठे चढायचं नाही, पण सवय. करगोट्याची गाठ रोज सैल होते आणि बांधून देणारी खाटेवर आहे, म्हणून मी स्वतःच बांधतो, वाकडी तिकडी. उद्या पुन्हा भात टाकीन. पाणी बेतानं घालीन.